चौदावी जागा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी जीप निवडली आणि त्याचा मला फार अभिमान होता. बाकीची पोरं बँकेतली रांग नाहीतर पेट्रोलपंप घेऊन बसली होती. योगायोगाने घडणाऱ्या गोष्टींचं गणित मांडायचं आणि मग तीच गोष्ट संगणकावर हजारदा घडवून पाहायची, हा आमचा विषय. सातपुड्यातल्या गावांहून तळोद्याला उतरणाऱ्या जीपला वेळापत्रक नसतं. चौदा माणसं झाली की ती निघते, तेरा असली तर उभी. माणसं कधी येतील याचा नेम नाही. यापेक्षा देखणा प्रश्न अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही, असं मला वाटलं.

आकडे जमवायला डोंगरातल्या एका गावी जाऊन राहिलो. आमचं घर तापीकाठचं, ऊस-केळीवालं. इथली पावरी बोली मला ओ की ठो कळत नव्हती. कळायची गरजही नव्हती. मोहाच्या झाडाखाली बसायचं आणि जो येईल त्याची वेळ वहीत लिहायची. सरांनी बजावलं होतं, निरीक्षकाने मोजायचं, मध्ये पडायचं नाही. पडलास तर आकडे खराब होतात. मी ते ब्रह्मवाक्य मानलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आली. दोन-तीन वर्षांची असेल. तिची मान आईच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. मी लिहिलं, अकरा, आणि पुढे वेळ. मूल वेगळं धरायचं की नाही, एवढाच काय तो माझ्यापुढचा पेच. मांडीवरचं मूल जागा अडवत नाही म्हणून नाही धरलं. मग बारावा आला, तेरावा आला आणि नंतर कुणीच येईना.

ड्रायव्हर तळोद्याचा होता. त्याने खिडकीतून मला हाक मारली.

"बस ना भो. एकच जागा बाकी शे. तू बसना म्हंजे गाडी निंघनी."

"मी पॅसेंजर नही," मी म्हणालो. "मन्हं काम चालू शे."

त्याने एकदा मागे त्या बाईकडे पाहिलं, एकदा माझ्या वहीकडे, आणि बिडी पेटवली. बाईने मुलीची घसरलेली मान पुन्हा खांद्यावर घेतली. मी तर मनातून खूश होतो, खोटं कशाला सांगू. एवढी मोठी खोळंब्याची नोंद तीन दिवसांत पहिल्यांदाच मिळत होती. पाऊण तासाने एक म्हातारा कोंबड्या घेऊन आला आणि जीप हलली.

दुसऱ्या दिवशी त्याच जीपने मी परत निघालो.

"कालनी ती पोर वाटमाच गई," ड्रायव्हर समोर बघत म्हणाला. "तळोदं दिसाले लागनं व्हतं."

मी मनातल्या मनात त्याला खूप शिव्या घातल्या. एका माणसासाठी अडून बसायचं काय कारण होतं त्याला? तळोदा येईपर्यंत माझ्याकडच्या शिव्या संपल्या आणि वही मांडीवर तशीच होती.

कॉलेजात प्रोग्रॅम चालवला. मग त्या सकाळचेच आकडे घातले आणि तेराव्यानंतर लगेच एक माणूस जास्तीचा बसवला. जीप तत्काळ निघाली. पुन्हा चालवला, पुन्हा निघाली. ताप कसला होता, पाऊण तास आधी पोचून ती वाचली असती का, हे कुठलाच प्रोग्रॅम सांगत नाही. पण मी बसलो असतो तर जीप निघाली असती. माझ्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये योगायोगावर न सोडलेली तेवढीच एक गोष्ट आहे. मला स्वतःची शिसारी आली. तरी तो जास्तीचा माणूस पुसला आणि प्रोजेक्ट बांधणीला दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वही चाळत त्या पाऊण तासापाशी थांबले. एवढा उशीर कसा, म्हणाले. प्रवासी आला नाही, मी सांगितलं.

"तुम्ही तिथे होतात. तुमच्यामुळे काही फरक पडला का?"

"नाही सर," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यांनी मान डोलावली, निरीक्षण चोख असल्याचं सांगितलं आणि पान उलटलं.