कनातीआडची शर्यत

मला मदरशाच्या पळण्याच्या टोळीत घेतलं ते मी जोरात पळायची म्हणून नाही, रोज उशिरा यायची म्हणून.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यात तेव्हा मुलींचे एक-दोन मदरसे होते, त्यातल्या एकात मी मामाकडे राहून शिकत होते. माझं माहेर तीर्थपुरीकडचं, घरची शेतीवाडी. तिकडं पोरीनं चौथीच्या पुढं शिकायचं म्हणजे बैलानं माडीचा जिना चढायचा. चढेलही एखादा, पण वर जाऊन करणार काय? मामाला मूलबाळ नव्हतं, त्यानं हट्टानं मला आणलं आणि फोकानियात घातलं. फोकानिया म्हणजे आताचं हायस्कूल. शिकवणं सगळं उर्दूत. निम्मं मला कळायचं, निम्मं मी मान डोलावून भागवायची.

एका साली दसऱ्यानंतर हैदराबादेहून हुकूम आला, की मुलींनीसुद्धा खेळकूद करावी, त्यांच्या दौडी घ्याव्यात, आणि हिवाळ्याच्या शेवटी जी पहिली येईल तिला औरंगाबादला सुभ्याच्या दौडीसाठी पाठवावं. काय नेसून पळायचं ते हुकमात नव्हतं. लिहिणाऱ्याच्या पायात कधी परकर अडकला नसणार.

आमच्या सदर उस्तानी, म्हणजे हेडमास्तरीणबाई, फार भल्या. पण पळणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी फाटकावरच्या दाईला विचारलं, "अपने मदरसे में कौन दौडती है?"

दाई म्हणाली, "घंटी झाल्यावर या चार पोरी दौडतच येत्यात, रोज."

झाली निवड. एक नदीपलीकडून यायची, एक धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालून यायची, मी आडाचं पाणी भरून यायची. चौथी कचेरीतल्या पेशकारसाहेबांची लेक, ती फक्त झोपायची. रोज छडी खाणाऱ्या आम्ही चौघी एका दिवसात मदरशाची शान झालो.

मामीला हे बिलकुल पटलं नाही. "बाईमाणसानं पळावं ते दोनदाच," ती म्हणाली. "दूध उतू चाललं तर, न्हाईतर घरात साप निघाला तर. तुला काय सरकारनं साप दाखवला का?"

त्याच दिवसांत दादा, म्हणजे माझे वडील, कापसाची गाडी घेऊन मोंढ्यावर आले. कापूस विकून झाल्यावर त्यांना लेक आठवली.

"आता बास झालं शिकणं," ते जेवता जेवता म्हणाले. "वडीगोद्रीचं स्थळ आलंय. जमीन चांगली हाय, पोरगा मेहनती हाय. वैशाखात उरकून टाकू."

मला आणखी शिकायचं होतं. शिकून काय करायचं ते माहीत नव्हतं, पण मान न डोलवता सगळं कळेल असं एक साल तरी मला पाहिजे होतं. मी मामाकडं बघितलं. मामा कचेरीच्या वाऱ्याला उभा राहिलेला माणूस.

"दाजी," तो म्हणाला, "पोरगी सरकारी दौडीत हाय. सरकारनं औरंगाबादसाठी निवडली तर?"

"तर काय?"

"तर ती सरकारची झाली ना! मंग हुकमाबिगर मांडवात कशी उभी करता तिला?"

आमचे दादा देवाला फारसे भीत नसत, पण सरकारला फार भीत. पटवाऱ्याचं कुत्रं दारावरून गेलं तरी ते बाजेवरून उठून उभे राहत. त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली.

"निवडली तर एक साल थांबू," ते म्हणाले. "न्हाई निवडली, तर वैशाख."

असं झालं. बाकीच्या पोरी बक्षिसासाठी पळत होत्या, मी वैशाखाच्या पुढं पळत होते.

आता पळायचं म्हणजे पडदा आला. मदरशामागच्या मुरमाच्या मैदानाला चारी बाजूंनी कनात लावली. कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत, लग्नात बायकांच्या पंगतीला लावतात तसली. आत आम्ही, उस्तानी आणि बघायला आलेल्या बायका. बाहेर मर्दमाणसं. इथवर ठीक होतं. पण कायद्यात एक कलम निघालं, की दौडीचा निकाल डिरीलची, म्हणजे कवायतीची, सनद असणाऱ्यानंच द्यायचा. आणि आख्ख्या गावात अशी सनद एकालाच, मुलांच्या मदरशातल्या डिरील मास्तरला. तो पडला मर्द. मर्द आत येऊ शकत नाही, सनद नसलेली बाई निकाल देऊ शकत नाही.

एवढ्यानं सरकार अडत असतं तर काय पाहिजे होतं? मास्तर म्हणाला, "मैं सुनकर बताऊंगा."

तो पूर्वी रिसाल्यात होता, घोडेस्वारांत. मिशा अजून घोड्यावरच बसलेल्या. म्हणायचा, अंधारात पन्नास घोडी गेली तरी टापेवरून कुठली कुणाची ते मी सांगतो, चार पोरींची पावलं काय मोठी गोष्ट! सगळ्यांनी माना डोलावल्या. उर्दू येणाऱ्यांनीसुद्धा.

मंग पद्धत पडली ती अशी. दौडीच्या आधी आम्ही एकेक जण कनातीशी जायचं आणि दोनदा पाय आपटायचे. उस्तानी आतून ओरडायच्या, "नंबर एक!" छम छम. "नंबर दो!" छम छम. मास्तर बाहेरून म्हणायचा, "हाँ, पहचाना." ही आमची हजेरी. मी नंबर चार. मंग तो दुसऱ्या टोकाला जाऊन कनातीला कान लावून उभा राहायचा, शिट्टी वाजायची, आम्ही सुटायचो.

पहिल्या दौडीत माझ्या परकरानं मला अर्ध्यातच पाडलं. गुडघे सोलले. बाहेरून मास्तर बराबर ओरडला, "नंबर चार गिर गयी!" बायका थक्क झाल्या. "बाई बाई, पडलेलंबी ऐकू येतं की ह्याला!" मी "आई गं मेले" म्हणून केवढ्यानं बोंबलले होते, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

घरी मामीनं गुडघ्यांना हळद लावली. मला वाटलं, आता हिचं ऐकावं लागणार. तर ती माझा परकर घेऊन उजेडात बसली, त्याचा घेर निम्मा केला आणि खालून चांगला वीतभर वर घेतला.

"तुम्हीच म्हणल्या ना मामी, बाईनं पळू नये म्हणून?"

"पळू नये. पण पळायचंच म्हणली तर पडू तर मुळीच नये. लोक काय म्हणतील, मामीनं शिकवलं न्हाई."

त्यानंतर मात्र माझा नंबर लागायला लागला. ओढणी टाचण्यांनी डोक्याला पक्की केलेली, पायात आईनं घातलेले चांदीचे पैंजण, आणि मी पळायची. नंतरच्या दोन्ही दौडी मी जिंकल्या. मास्तर बाहेरून म्हणायचा, "पहली, नंबर चार!" आणि मामी आतल्या बायकांना सांगायची, "परकर मी शिवलाय." पेशकारांची लेक मागोमाग यायची. तिच्या पायात माझ्या दुप्पट चांदी. ती आली की बाजारातून कासाराचं दुकान पळत आल्यासारखं वाटायचं.

शेवटची दौड माघात होती, तीच निवडीची. तालुकदारसाहेबांच्या बेगम यायच्या होत्या. बायकांनी कनात भरून गेली. बाहेर खुर्च्यांवर अंमलदार आणि त्यांच्या मागं उभे, पटका नीट बांधलेले आमचे दादा. मामा त्यांना सारखा म्हणत होता, "बसा दाजी," आणि दादा सारखे म्हणत होते, "सरकार बसलंय न्हवं?"

आत मामीच्या शेजारी एक जाडजूड बाई बसली होती, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, तोंडात तंबाखू. मला वाटलं मामीच्या ओळखीची असेल.

मागच्या दौडीत पेशकारांची लेक माझ्या खांद्याला खांदा लावून आली होती, आणि पैंजणानं माझा घोटा सोलून निघाला होता. हजेरीचे पाय आपटून झाले, "हाँ, पहचाना" झालं, आणि मी मनाशी म्हणलं, हे जड लोढणं कशाला? पैंजण काढले, मामीच्या ओटीत टाकले आणि रेघेवर जाऊन उभी राहिले. पाय असे हलके झाले, जसे दुसऱ्याच कुणाचे.

शिट्टी वाजली.

त्या दिवशी मी कशी पळाले ते मला सांगता येत नाही, कारण मला फक्त समोरची कनात दिसत होती आणि ती माझ्याकडं पळत येत होती. माझ्या बाजूला कुणी नव्हतं. मी पोचले, वळले, तेव्हा बाकीच्या तिघी अजून येत होत्या. आतल्या सगळ्या बायका उभ्या. बेगमसाहेबा उभ्या. मामी तर मैदानाच्या कडेनं नुसती नाचत होती, इकडून तिकडं, पैंजण मुठीत धरून.

सगळं थांबलं. बाहेरून आवाज आला, "पहली, नंबर दो!"

नंबर दो म्हणजे पेशकारांची लेक. तिचंच तोंड उघडं राहिलं.

"दूसरी, नंबर एक. तीसरी, नंबर तीन. नंबर चार दौड छोडकर औरतों में जाकर घूम रही है."

एवढ्या वर्षांची रिसाल्यातली अक्कल, आणि मास्तर पावलं ऐकतच नव्हता, नुसती चांदी ऐकत होता! माझी चांदी मामीबरोबर फिरत होती.

सदर उस्तानी धावत कनातीशी गेल्या. "मास्टरसाब, नंबर चार पहली आयी है!"

"आपने सुना?"

"मैंने देखा!"

"देखने की सनद है आपके पास?"

बेगमसाहेबांनीही पाहिलं होतं, त्या हळू आवाजात "पहली वही है, वही है" म्हणत होत्या. पण त्यांचा आवाज मर्दांत जायचा नाही असा रिवाज, म्हणून तो कनातीच्या आतच राहिला. शे-दोनशे बायकांच्या डोळ्यांनी पाहिलेलं एका पुरुषाच्या कानानं खोडून काढलं. कागदावर चढलं: नंबर चार दौड सोडून गेली.

बाहेर आले तर दादांचा चेहरा काळा पडलेला. टांग्यात बसल्यावर त्यांनी विचारलं.

"कुठं गेल्ती तू?"

"कुठंच न्हाई दादा. मी पळत होते. पहिली आले."

"मंग सरकारचा मास्तर खोटं बोलतो व्हय?"

"त्याला दिसलं न्हाई."

"कुणालाच दिसलं न्हाई. आम्ही समदे तिथंच उभे होतो."

"बायांना समद्यांना दिसलं."

"बायांचं सोड," दादा म्हणाले. "साक्षीदार कोण हाय ते सांग."

घरी पोचलो तर ती कुंकवाची बाई मामीबरोबर आधीच येऊन बसलेली. वडीगोद्रीची, पोराची आई! पोरगी बघायला म्हणून न सांगता आली होती, आणि तिनं मला वीतभर वर घेतलेल्या परकरात, घोट्यापर्यंत धुळीत, गावभरच्या बायकांसमोर उधळताना बघितलं होतं. दादांनी कपाळाला हात लावला. मला मात्र आत कुठंतरी उजेड पडल्यासारखं झालं. ही आता नाही म्हणणार. असली पोर कोण करून घेतं? वैशाख टळला! मी आणखी नापसंत व्हावं म्हणून ओढणी खांद्यावर टाकली आणि पाय पसरून बसले.

बाई तंबाखू थुंकून आली, तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली.

मी पसरलेले पाय आवळून घेतले.

"आमचं रान गावापासून लांब. थोरल्या सुनेच्या हातची भाकर रानात पोचस्तोवर वाळून खडंग होती. कालवणाला बुरशी यायची राह्यली. ही ताजी पोचवंल. केवढ्यानं पळती वो! अन् एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई, हे मला आवडलं. वैशाखातलाच मुहूर्त काढा."

म्हणजे बघा, माझी दौड डोळ्यांनी बघून मला पहिला नंबर देणारी एक बाई भेटली, आणि बक्षीस म्हणून तिनं वैशाख दिला.

पेशकारांची लेक औरंगाबादला गेली. तिथं एक सनदवाली बाई होती म्हणे, ती डोळ्यांनी बघायची. ही शेवटून पहिली आली, आणि परत येऊन मजेत झोपली. माझा मदरसा सुटला. पुढचं जे काय वाचन झालं ते किराण्याच्या पुड्या सोडून, चुलीपुढं, आणि मान डोलवायला समोर कुणी नव्हतं म्हणून सगळं समजून घ्यावंच लागलं.

सासूबाई मात्र बोलल्या तशाच निघाल्या. आडावर, बाजारात, जो भेटेल त्याला सांगायच्या, "आमची सून जालन्याला पहिली आल्ती." दादा आले की त्यांच्यापुढंही म्हणायच्या. दादा खाकरून म्हणायचे, "कागदावर तसं न्हाई." मंग दोघांची जुंपायची, आणि मी आत चहा उकळत ठेवून ऐकत राहायची.

मंग निजामाचं राज्य गेलं. त्या हिवाळ्यात दादा वडीगोद्रीला आले तेव्हा माझं थोरलं लेकरू माझ्या कडेवर होतं. दादांनी पाणी पिलं, पटका काढून मांडीवर ठेवला.

"तू पहिली आल्ती म्हणे," ते हळूच म्हणाले.

"हां दादा."

"असंल. आता ते सरकारच न्हाई राह्यलं, तर आलीबी असशील."

सासूबाई आतून ओरडल्या, "आलीबी असशील न्हाई पाव्हणं, आल्तीच!"

मी लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग दादा, एक साल थांबायचं ठरलं होतं ना आपलं?"

दादांनी माझ्याकडं बघितलं, लेकराकडं बघितलं. पटका उचलून पुन्हा डोक्याला गुंडाळायला लागले.

"ह्या नव्या सरकारचं काय म्हणणं पडतं ते आधी बघू," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.