पहिल्या पानावरची पेन्सिल

नारायण पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपासून चार घरं सोडून एक वाचनालय होतं. त्याचा मालक हे माझं पहिलं गिऱ्हाईक आणि शेवटपर्यंतचा टीकाकार. "अहो, भुतं लिहा," तो म्हणायचा, "भुतं फळीवर बसून राहत नाहीत." मी भुतं लिहिली. मग म्हणाला, बायकांना सासवा हव्यात. सासवा लिहिल्या. दिवसभर कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे आणि घरी येऊन माणसं मारायची, असा माझा क्रम होता. रहस्यकथांना एक टोपणनाव, भुतांना दुसरं, ऐतिहासिक कादंबऱ्यांना तिसरं, जरा भारदस्त. पुढे कारखान्यात संगणक आले आणि आम्हा आराखडेवाल्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले गेले. त्याच वर्षी मी एका खुनी संगणकावर कादंबरी लिहिली. तोवर मी संगणकाला हात लावला नव्हता. राग मात्र अस्सल होता.

बायकोने यातलं अक्षरही वाचलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. लेखकाच्या म्हणून पाच प्रती यायच्या, त्या थेट माळ्यावर जायच्या. ती दर शनिवारी मंडईतून येताना वाचनालयात डोकवायची. पिशवीत वर कोथिंबीर, खाली काहीतरी छापील. पाककृतींची मासिकं असतील, असं मी धरून चाललो. लोकांच्या बायका कौतुक करतात, आमच्याकडे नवं पुस्तक हातात घेऊन उभं राहिलं की "गॅसचा नंबर लावलात का?" मला याचा राग यायचा. उगाच मोठेपणा कशाला घ्या, चांगलाच यायचा.

एका पुस्तकाच्या बाबतीत मात्र ती वाचत नाही याचं बरं वाटायचं. आमची मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली. तीन दिवसांचं दुखणं. त्यानंतर घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही. बऱ्याच वर्षांनी मी त्यावर कादंबरी लिहिली, एवढी एकच स्वतःच्या नावावर. मुलीचा मुलगा केला, चाराची सात वर्षं केली, तापाऐवजी त्याला नदीत बुडवला. मुलीने तापात उशाशी ठेवलेली लाकडी बैलगाडी तेवढी तशीच ठेवली. कादंबरीचं कौतुक झालं. 'संयत' असा शब्द एका परीक्षणात आला होता, ते कात्रण मी पाकिटात घालून हिंडत होतो. बायकोला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

एके दिवशी वाचनालयाच्या मालकाने मला बोलावून घेतलं. टेबलावर माझी सात-आठ पुस्तकं मांडलेली. "कोण्या शहाण्याने वाट लावलीय बघा. रहस्यकथा लिहिता ना? शोधा आता."

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. एका रहस्यकथेवर: 'खून दोन. दोघेही मोठे.' भुताच्या कादंबरीवर: 'भूत आहे पण मुलांना काही करत नाही.' ऐतिहासिकवर: 'लढाया फार. बाळ शेवटी सुखरूप.' आणि खुनी संगणकावर: 'यात मुलं नाहीत. काही कळलंही नाही.'

अक्षर ओळखायला मला रहस्यकथा लिहिण्याची गरज नव्हती. रोज त्याच अक्षरातली यादी खिशात घालून मी बाजारात जात होतो. पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच ते एक पुस्तक आठवलं. मी टेबल सोडून मागच्या फळीकडे गेलो आणि ती एक कादंबरी काढली.

कोपऱ्यात लिहिलं होतं: 'यातली मुलगी चार वर्षांची होती. तापाने गेली. सोसणार नसेल त्यांनी घेऊ नये.'

मालक मागून डोकावला. "हे बघा! अहो, धड वाचायचं तरी! मुलगा आहे, सात वर्षांचा, बुडतो. आणि हे लिहितायत मुलगी! काय वाचक मिळालाय तुम्हाला."

"हो ना," मी म्हटलं. "कोण असेल कुणास ठाऊक."

घरी आलो. तिने चहा दिला, मी प्यायलो. बोलायचं होतं, पण कुठून सुरुवात करायची ते कळेना. असं करत वर्षं गेली. कादंबऱ्या येत राहिल्या, शनिवारची पिशवी येत राहिली. नंतर आम्ही धायरीला फ्लॅट घेतला. शेजारी सगळी आयटीतली पोरं. दार उघडून "हाय काका" म्हणायची आणि लिफ्टमध्ये शिरायची. ती मात्र शनिवारी बसने नारायण पेठेत जायची. भाजी तिकडचीच चांगली, म्हणायची.

मग वाचनालय बंद झालं. तिथे मोबाइलचं दुकान येणार होतं. मालकाने मला फोन केला, "तुमचा माल तुम्हीच उचला. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही." मी पोतं रिक्षात घातलं आणि घरी आणून हॉलमध्ये टेकवलं.

तिने पोत्याकडे पाहिलं, आत गेली आणि खोडरबर घेऊन आली. पंख्याखाली बैठक मारून एकेक पुस्तक काढून पहिलं पान साफ करायला लागली.

"राहू दे की," मी म्हटलं.

"आता कोणाला सांगायचंय? घरातच तर आहेत."

बरीच पुस्तकं झाली. शेवटी मी विचारलं, "माळ्यावर प्रती होत्या. वाचनालयातून कशाला आणत होतीस?"

"घरातली उघडली असती, तर कशी वाटली म्हणून विचारलं असतंत."

अगदी खरं होतं.

सगळ्यात शेवटी ते पुस्तक निघालं. तिने पान उघडलं, खोडरबर टेकवला, पण हात हलला नाही.

"मुलगा कशाला केलात?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

"कोणाला?"

त्या कादंबरीचं एवढं कौतुक झालं, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला माझी लाज वाटली.

"मला विचारायचं तरी होतंत एकदा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी नाही म्हटलं नसतं. फक्त तिला तीच राहू द्या म्हटलं असतं." मग पुस्तक आणि खोडरबर माझ्या मांडीवर ठेवून उठली. "हे तुम्ही खोडा. मी कुकर लावते."

आत भांडी वाजत होती, नळ चालू होता. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला मी उठलो, तिच्या यादीच्या वहीतली पेन्सिल काढली आणि त्या ओळींच्या खाली आमच्या मुलीचं नाव लिहिलं.