कठड्यापाशी

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. निवृत्तीनंतर त्याच जहाजाची हातभर लांबीची प्रतिकृती ते सागाच्या तुकड्यांतून घडवत होते. एका दुपारी आई चहा घेऊन आली आणि तिथंच रेंगाळली.

"तुम्ही माझी पत्रं कुठे उभे राहून वाचायचात?"

बाबांनी ब्रशच्या टोकानं मागचा कठडा दाखवला. "इथं. इथं वारा कमी लागायचा."

आई वाकून बघत राहिली. इतकी वर्षं तिनं त्यांना नुसत्याच निळ्या पाण्यावर कुठेतरी पाहिलं असेल. दूरच्या माणसाला मनात उभं करायलाही पायाखाली जागा लागते, असं मला वाटून गेलं.

तिनं करंगळी अलगद तिथं टेकवली. रंग ओला होता, पण बाबांनी तिला थांबवलं नाही.