शनिवारची भाकरी

भिकोबा गुरुजी नसते तर मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो नसतो. परीक्षेसाठी मारुतीचे कडक शनिवारही त्यांनीच धरायला लावले.

शेवटचा पेपर शनिवारीच आला. चाकणला पुण्याच्या एसटीची वाट पाहताना मला भोवळ आली आणि मी एका कांदेवालीच्या पोत्यांवर कोसळलो. तिने बुक्कीने कांदा फोडला, भाकरीवर ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"मावशी, मारुतीचा उपवास आहे."

"मग पेपर मारुती लिवनार हाय व्हय? त्यानं डोंगर उचलला, तुला दौत उचलंना. खा गुमान!"

मी खाल्ले. एसटी आली, नाव विचारायचे राहिले.

निकालानंतर गुरुजींना लिहिले: "तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. पास झालो. उपवास मोडला होता, तोही कांद्याने. रागवावे, पण पुढच्या मुलाला शनिवार सांगाल तेव्हा आधी जेवलास का, ते विचारावे."