मोकच्या गाठी

हाँगकाँगमध्ये देवीच्या उत्सवाला नाटकाचा मांडव बांधतात, त्यात खिळा नसतो. लांब बांबू, लाकडी डांब, वर पत्रे, आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीच्या गाठी. पट्टीचे वेढे घ्यायचे, टोक पिळायचं आणि वेढ्यांखाली खुपसायचं. उत्सव संपला की गाठी कापतात आणि चार दिवसांत मैदान मोकळं होतं. मांडववाल्याची लायकी त्याच्या गाठीवर ठरते. कारागिराची पाठ वळल्यावर कोणी येऊन त्याची गाठ पुन्हा बघत असेल, तर त्याचं काय ते ओळखावं.

आमच्या मांडववाल्यांच्या टोळीत मोक वाय-हांगची प्रत्येक गाठ जाड्या पून बघायचा. लपून नाही, अगदी उघड. मोक बांधून पुढे सरकला की पून मागून यायचा, गाठीवर सुरीची मूठ आपटायचा, आडवा बांबू हिसकून बघायचा आणि पुष्कळदा वरून आणखी एक पट्टी गुंडाळायचा. मोक बघायचा, बोलायचा नाही. बोलायला त्याच्याकडे जागा नव्हती. पूनच्या उजव्या खांद्याचं हाड मोकच्याच एका गाठीने मोडलं होतं. गाठ सुटली, फळी निसटली आणि पून फळीसकट खाली आला. त्या दुपारी मोक जेवणाच्या सुटीत फॉइलवर हेरॉइन तापवून त्याचा धूर ओढून आला होता.

मोक पंधराव्या वर्षी बांबूवर चढला. शाम शुई पोच्या मागच्या डोंगरउतारावर पत्र्याच्या झोपडीत वाढलेला मुलगा. उंचीची भीती नव्हती आणि शाळेत मन नव्हतं. उंच इमारतींच्या परांच्या बांधणाऱ्या टोळीत तो शिरला. टोळीत पावडर, म्हणजे हेरॉइन, होती. पाठ धरली की थोडी ओढायची, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत माणूस चढायला मोकळा. पुढे पाठ धरलेली नसतानाही ती लागू लागली, आणि त्यानंतर ती नसली की पाठच काय, केसही दुखू लागले. विशीत तो गर्दुल्ला झाला. तिशीत बायको सोडून गेली. दोनदा तुरुंग झाला, दोनदा उपचारासाठी नेतात त्या बेटावर राहून आला. तिथे त्याचं वजन वाढलं, गाल भरले, आणि घरी परतल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा उतरले.

पंचेचाळिशीच्या सुमारास तो पावडरच्या जागी मेथाडोन नावाचं औषध पाजतात त्या दवाखान्यात जाऊ लागला. या शहरात ती सोय जुनी आहे. रोज जायचं, खिडकीत एक डॉलर ठेवायचा, पेल्यातलं औषध नर्ससमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध तोंडात धरून बाहेर नेलं नाही हे कळतं. घरी न्यायला मिळत नाही. रोज म्हणजे रोज, नववर्षाच्या दिवशीसुद्धा.

मोकने एकदाच त्यात खंड पाडला होता. दूरच्या एका गावात दोन दिवसांचं काम होतं. दोन दिवस काय, काढू कळ सोसून, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी तो त्या गावात पावडर कोण विकतं याची चौकशी करत होता. तिथून परत दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायला त्याला दीड वर्ष लागलं.

म्हातारे लुक सिफू मांडवांचे उस्ताद. पूनच्या अपघातानंतर त्यांनीच मोकला हाकललं होतं आणि सात वर्षांनी त्यांनीच परत बोलावलं. कारण साधं होतं. आढ्याचं टोक अधांतरी पुढे काढण्याचं काम येणारी माणसं कमी उरली होती.

"पावडर?" सिफूंनी विचारलं होतं.

"सुटली," मोक म्हणाला होता.

हे खरं होतं. मेथाडोनचं त्याने सांगितलं नाही. मांडववाल्यांच्या जगात दोन्हीत फरक करत नसत. "पावडर सोडली आणि सरबत धरलं," असं ते अशा माणसाबद्दल म्हणायचे आणि हसायचे. मोक रोज सकाळी दवाखान्यात जाऊन मग कामावर यायचा. कुठून आलास विचारलं तर कांजी खाऊन आलो म्हणायचा. शहरातल्या मैदानांवर हे दोन वर्षं खपलं.

मग सेक हाउ बेटाचं काम आलं. तिथलं तिन हाउ देवीचं देऊळ कड्यावर आहे. देवीला बसल्या जागेवरून नाटक दिसलं पाहिजे, म्हणून मांडव देवळासमोर हवा. आणि देवळासमोर जमीन नाही, उतरता खडक आहे आणि खाली समुद्र. मांडवाचा अर्धा भाग खडकात रोवलेल्या बांबूंवर पाण्यावर उभा करावा लागतो. तीन आठवडे बेटावरच मुक्काम. बोट आठवड्यातून मोजक्याच दिवशी.

"आढ्याचं टोक तुझं," सिफूंनी सांगितलं. "माझं हे शेवटचं मोठं काम. नाही म्हणायचं असेल तर आज म्हण, मी दुसरा माणूस बघतो. पण मग पुढल्या कामाला माझ्या दारात यायचं नाही."

मोक दवाखान्यात गेला. खिडकीत सिस्टर फोंग होत्या. सहा वर्षं त्या त्याला रोज बघत होत्या.

"सिस्टर, तीन आठवड्यांचं बाटलीत भरून द्या."

"देते की. वर केकपण देते, मेणबत्ती लावून."

"कामाचा प्रश्न आहे."

"मोक, तुमचा कामाचा प्रश्न मागच्या वेळी दीड वर्ष चालला होता. नियम माझ्या हातात नाही. असता तरी तुम्हाला बाटली दिली नसती." त्यांनी पेला पुढे केला. "बंदराजवळ आपला दवाखाना आहे. तिथे तुमचं नाव हलवून देते. बेटावरून तिथे रोज कसं पोचायचं ते तुम्ही बघा. आणि तुमच्या म्हाताऱ्याला सांगा."

"सांगितलं तर काढून टाकेल."

"न सांगता गेलात तर तुम्हीच स्वतःला काढून टाकाल. पाणी प्या. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"झालं, बोललात. जा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात मोकने सांगितलं. टेबलावर सिफू होते आणि पून होता. पूनने त्याचं बोलणं संपेपर्यंत दोन मोदकासारखे पाव खाल्ले.

"म्हणजे अजून पितोच आहेस," सिफू म्हणाले.

"औषध पितो."

"दोन वर्षं मला कांजी सांगत होतास."

"हो."

"मला वाटलंच," पून म्हणाला. "रोज कांजी खाणारा माणूस इतका वाळका कसा?"

सिफू हसले नाहीत. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. "माझ्या मांडवाखाली गावची म्हातारीकोतारी बसतात, आ-हांग. वर कोण बांधतंय हे त्यांना माहीत नसतं. मला माहीत असावं लागतं." मग पूनकडे वळून म्हणाले, "तुझा खांदा मोडला होता. तू सांग."

पूनने तोंड पुसलं. "आढ्याचं टोक दुसऱ्या कोणाला येतं?"

"तुला येतं का?"

"मी चढलो तर आढंच खाली येईल." त्याने मोककडे बघितलं. "येऊ दे त्याला. मी प्रत्येक गाठ बघणार. एकूण एक. हा हागायला बसला तरी मी मागे असणार."

बेटावर क्वाई नावाची साठीची कोळीण होती. ती पहाटे मासे घेऊन बंदराच्या बाजारात जायची आणि उजाडल्यावर परतायची. मोक तिच्या बोटीत बसू लागला. भाडं म्हणून माशांच्या टोपल्या चढवायच्या आणि उतरवायच्या.

"रोज जातोस कुठे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"औषधाला, मावशी."

"कसलं?"

मोकने सांगितलं. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं. क्वाईने माशांवर बर्फ पसरला. "माझा भाऊ त्यातच गेला," ती म्हणाली. "त्या टोपल्या नीट लाव, एका बाजूला कलतंय."

दोन आठवडे हे सुरळीत चाललं. खडकावर खांब उभे राहिले, वासे चढले. मोक परत येईपर्यंत बाकीचे न्याहारी करून कामाला लागलेले असायचे. तो चढायचा, बांधायचा. पून मागून यायचा आणि मूठ आपटायचा. ठक, ठक. गावातली पोरं त्या आवाजाची नक्कल करायला लागली होती.

मग धुकं आलं. चैत्राच्या सुमाराला या समुद्रावर ते येतंच. सकाळी देवळाच्या पायरीवरून समोरचा मांडव दिसेना. क्वाईच्या बोटीत वाट दाखवणारं यंत्र नव्हतं. "धुक्यात बोट काढायची नाही अशी आईने शपथ घातली आहे, ती मी मोडणार नाही," ती म्हणाली. "माझा बाप असल्याच दिवशी गेला होता. आलाच नाही."

त्या दिवशी दुपारपर्यंत मोक वर होता. जेवणानंतर त्याला जांभया येऊ लागल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. नाक गळू लागलं. आढ्याच्या टोकाचं काम बाकी होतं आणि उत्सव पाच दिवसांवर होता. त्याने एक गाठ घेतली. पट्टीचं टोक वेढ्याखाली खुपसताना त्याच्या बोटांना ते पुरतं आत गेलं की नाही, हे कळलं नाही.

पून खालच्या वाशावर होता. मोक त्याच्या पातळीला उतरला.

"शेवटची गाठ काप," तो म्हणाला. "ती बरोबर नाही."

"मी अजून बघितली नाही."

"मी बघितली. माझे हात आज ठीक नाहीत. मी खाली जातो, खालून बांबू देतो."

पूनने त्याच्याकडे बघितलं. आजूबाजूची सगळी माणसं बघत होती. मांडववाला दिवस संपण्याआधी खाली उतरत नाही. ताप असला तरी वर बसून राहतो. कोणीतरी म्हणालं, "सरबत संपलं वाटतं." दोघंतिघं हसले. मोक खाली उतरला आणि बांबू देऊ लागला.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. मोक बांबूसुद्धा उचलू शकत नव्हता. पोटात पीळ पडत होता, अंग थरथरत होतं, पाय आपोआप झटके देत होते. तो देवळामागच्या पडवीत गोधडी घेऊन पडला. दुपारी लुक सिफू आले. त्यांच्या हातात खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली होती. जुन्या कारागिरांकडे ती असायचीच. खोकल्याला, पोटाला, झोपेला, सगळ्याला तीच.

"घे," ते म्हणाले. "दोन घोट. यात तसलंच काहीतरी असतं म्हणतात. उद्यापर्यंत निभेल."

त्यांच्या आवाजात कळवळा होता. मोकने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने बाटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. मग झाकण लावलं.

"दोन घोटांवर मी थांबत नाही, सिफू."

"मी बाटली धरतो. मी ओततो."

"मग रात्री मी तुमच्या उशाशी शोधेन. घेऊन जा. आणि कुठे ठेवता ते मला दिसू देऊ नका."

सिफूंनी बाटली परत घेतली. बाटली समुद्रात फेकून द्यावी असं त्यांना वाटलं होतं, पण खोकला त्यांनाही होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. ती त्यांनी क्वाईच्या घरी नेऊन ठेवली. संध्याकाळी पून कांजीचा वाडगा घेऊन आला.

"खरी कांजी आहे," तो म्हणाला. "ओळखू येते का बघ."

मोकने दोन चमचे खाल्ली आणि ओकली. पूनने फडकं आणलं आणि पुसलं.

तिसऱ्या पहाटे वारा सुटला आणि धुकं फाटलं. क्वाई अंधारातच हाक मारत आली. मोकला तिने आणि पूनने धरून बोटीत बसवलं. त्या दिवशी टोपल्या पूनने चढवल्या.

दुपारी मोक परतला तेव्हा त्याचा चेहरा मातकट होता. त्या दिवशी तो चढला नाही. कोणी चढ म्हणालंही नाही. पुढच्या दिवशी चढला आणि आढ्याचं टोक पुढे काढायला घेतलं. खाली खडक, त्याच्या खाली लाटा. दोन पाय बांबूला अडकवून, अंग बाहेर काढून तो बांधत गेला. टोकाचा शेवटचा आडवा बांबू बांधून तो बाजूला झाला. आता पत्रा चढवायला पूनला त्याच बांबूवर जायचं होतं.

पून आला. सुरी कमरेला होती. त्याने गाठीकडे एकदा पाहिलं आणि सगळं वजन टाकून त्या बांबूवर पाय ठेवला.

मी नंतर त्याला विचारलं, सुरी का काढली नाही. तो म्हणाला, "ज्या दिवशी हात बरे नसतात त्या दिवशी तो स्वतः खाली उतरतो. वर आहे म्हणजे बरे आहेत."

खालून सिफूंनी डोळ्यांवर हात धरून ओरडून विचारलं, "पून, टोकाची गाठ बघितलीस का?"

"बघितली," पून ओरडला. "पत्रा द्या वर."

मोकने पत्र्याचं एक टोक धरलं, पूनने दुसरं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोक नेहमीसारखा क्वाईच्या बोटीत बसला.