दूध काढून होईपर्यंत शिटी बंद

टेंभरे गार्डबाबूंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. थंडीचे दिवस होते. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. मी सकाळी म्हशीखाली बसले होते, तिने नुकताच पान्हा सोडला होता, तेवढ्यात घरामागच्या बांधीतून कोणीतरी अशी शिटी मारली की म्हैस दचकली. बादलीला लाथ बसली आणि पान्हा चोरून ती दगडासारखी उभी राहिली. म्हैस एकदा अशी बिनसली की त्या वेळचे दूध गेलेच समजा. मी रिकामी बादली घेऊन तशीच मागे गेले.

बांधीत एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. पँट पायमोज्यांत खोचलेली, गळ्यात दोरी, दोरीला शिटी. समोर गावातली चार-पाच मोठी माणसे शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी.

"कायले वाजवून राहिले शिटी सकाळी सकाळी?" मी ओरडले. "म्हशीनं पान्हा चोरला माझ्या! आता चहात काय तुमची शिटी बुडवू?"

रांगेतली माणसे हसली. म्हातारा हसला नाही. त्याने खिशातून एक पिवळे कार्ड काढले, हात ताठ केला आणि ते स्वतःच्याच डोक्यावर धरले. "पाहा," तो रांगेला म्हणाला, "हा फाऊल माझा होता. फाऊल ज्याचा, कार्ड त्याले." मग माझ्याकडे वळला. "बाई, दूध किती वाजता काढता?"

"म्हैस घड्याळ पाहत नाही."

"मंग असं करा. दूध काढून झालं का बाहेर येऊन हात वर करा. तवापर्यंत शिटी बंद."

मला वाटले, डोक्याने गेलेला आहे. पण दुसऱ्या दिवशी बादली घेऊन बाहेर आले तर सगळे खरोखर माझ्याकडे बघत थांबले होते. मी हात वर केला. शिटी वाजली. त्यानंतर ते गेले त्या सालापर्यंत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. पावणा आला, मोठा साहेब आला, तरी माझ्या म्हशीचे आटोपल्याशिवाय शिकवणी सुरू होत नसे.

गार्डबाबू रेल्वेत गार्ड होते. गोंदियाहून सुटणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात त्यांचा जन्म गेला. जवानीत फुटबॉल खेळले, मग रेफरी झाले. रिटायर झाल्यावर आमच्या गावी आले, कारण बापजाद्यांची शेती इथे होती. आले ते दोन खोल्या बांधून शांत बसतील असे वाटले, तर त्यांनी रेफरी तयार करायचा कारखाना काढला. पगार नाही, भत्ता नाही, हे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. तरी किराणा दुकानवाला येई, ऑटोवाला येई, शाळेतले एक मास्तरही येत. गार्डबाबूंनी पास केले की गोंदियाहून सर्टिफिकेट येई आणि मग त्या माणसाला आजूबाजूच्या गावांतल्या लहान पोरांच्या मॅचेस चालवता येत.

याची गरज होती. त्याआधी ज्या गावात मॅच, त्या गावातल्याच कोणाचा तरी काका रेफरी असे. काका आपल्या पोरांचा गोल मोजायचा आणि दुसऱ्यांचा विसरायचा. मग बाप लोक काठ्या काढायचे. बारा वर्षांची पोरे बाजूला उभी राहून आपल्या बापांची मारामारी पाहायची. दोन गावांनी तर पोरे पाठवणेच बंद केले होते.

गार्डबाबू पहिले काही दिवस चेंडूला हात लावू देत नसत. नुसती शिटी. बहुतेकांना शिटी मोठ्याने वाजवायची लाज वाटते, हे मला तेव्हा कळले. मिशीवाली माणसे चिमणीसारखी शिटी वाजवत. गार्डबाबू म्हणत, "हे काय? कोणाची परवानगी मागून राहिला का? मी गार्ड होतो. झेंडी दाखवली का ड्रायव्हर विचारत नाही, काऊन म्हणून. गाडी सुटते. शिटी पहले, समजावणं बाद में. अन् समजावणं नाही केलं तं आणखी चांगलं."

ऑफसाइड त्यांनी माझ्या अंगणात शिकवला. मी वाळत घातलेल्या गोवऱ्या उचलून त्यांनी जमिनीवर मांडल्या, ही गोलकीपर, ही बचाववाली, ही पुढे पळालेली. मी शिव्या देत बसले होते, पण ऐकत होते. मास्तरला तीनदा सांगून कळेना, तेव्हा मीच म्हटले, "अहो, ही गोवरी आधीच पुढं जाऊन बसली ना, चेंडू यायच्या आधी!" गार्डबाबूंनी माझ्याकडे बोट केले. "बाईले कळलं. तुम्ही उद्या या." माझी शाळा चौथीपर्यंत. पण ऑफसाइड मला आजही कळतो.

मॅचच्या दिवशी ते कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. पाण्याची बाटली स्वतःची. "रेफरीले कोणी चहा पाजला, का त्याची शिटी हळू वाजते," असे म्हणत. मी एकदा मुद्दाम कप नेऊन समोर धरला. त्यांनी तो खाली ठेवला, मॅच पूर्ण केली आणि नंतर साय धरलेला, गारगार चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. "तुमचा मान राहिला, माझाबी राहिला," म्हणाले. मान कसला, चहा वाया गेला.

त्यांची शेवटची परीक्षा मात्र उलटी होती. सगळीकडे रेफरी परगावचा घेतात. हे शिकाऊ माणसाला त्याच्याच गावाच्या मॅचमध्ये उभे करत. "परक्याच्या पोराले फाऊल द्यायले काय लागते? आपल्याले देऊन दाखव, मंग पाहू."

आता माझ्या धाकट्या सुनेचे, सरिताचे, सांगते. ती गोठ्याच्या आडून रोज शिकवणी पाहायची. एक दिवस म्हणाली, "आई, मी जाऊ का?" मी म्हटले, "चूल आटोपून जा. मले काय विचारून राहिली." तेव्हा गावात पोरींची टीम करायचे चालले होते. पोरी तयार होत्या, पण घरचे म्हणत, मैदानात एखादी बाई रेफरी असेल तरच पाठवू. म्हणजे सरिता पास झाली तर पोरी खेळणार, नाही तर नाही. तिची स्वतःची पोरगी त्यात होती. सरिता धावण्यात मास्तरापेक्षा बरी निघाली आणि तिची शिटी तर अशी की म्हैस दोहून झाल्यावरसुद्धा कान टवकारायची.

परीक्षेच्या दिवशी आमच्या गावाच्या पोरांची मॅच पलीकडच्या गावाशी होती. आमच्या टीमचा कोच माझा मोठा मुलगा, दिलीप. म्हणजे सरिताचा भासरा. आमच्या पोवारांत सून भासऱ्यासमोर उभी राहत नाही, बोलत नाही. काही सांगायचे तर पोराच्या हाती निरोप. भासराही तिच्याशी बोलत नाही. मीही सासरी अशीच राहिले. त्यात काही वाईट वाटून घ्यायचे असते हे कोणी सांगितले नव्हते.

आमच्या एका पोराला धक्का लागला. सरिताने फाऊल दिला नाही. दिलीप तावातावाने मैदानात शिरला. पण भावजयीशी बोलायचे कसे? म्हणून तो आभाळाकडे पाहून ओरडू लागला, "रेफरीले दिसते का नाही? रेफरीचे डोळे आहेत का बटनं?" लोक हसून लोळायचे बाकी होते. सरिताने शिटी मारली, कार्ड काढले. आणि तिचा दुसरा हात ओढणीकडे गेला. डोक्यावर ओढणी घेतली, दिलीपकडे पाठ केली आणि कार्ड वर धरले. समोर होता परगावचा गोलकीपर, इवलेसे पोर. त्याला वाटले कार्ड आपल्यालाच. तो भोकाड पसरून रडायला लागला.

मॅच संपल्यावर गार्डबाबूंनी एकच शब्द उच्चारला, "नापास."

सरिता घरी येऊन कणीक मळत बसली. पोरींपैकी दोघी-तिघी दारात येऊन डोकावून गेल्या. मी पदर खोचला आणि गार्डबाबूंच्या ओसरीवर गेले. ते फाटका चेंडू शिवत होते.

"काऊन नापास केलं माझ्या सुनेले? धावली बरोबर, शिटी बरोबर."

"सगळं बरोबर. कार्ड चुकीच्या माणसाले."

"तो भासरा होय तिचा. तुम्हाले माहीत नाही का आमच्यात काय असते ते?"

"मीबी पोवारच आहे, बाई. मले नका शिकवू." त्यांनी सुई चेंडूत टोचून ठेवली. "तुमच्या सुनेनं घरचा मान ठेवला. बेस केलं. पण रडला कोण? दुसऱ्याच्या गावचं लेकरू. त्याचा काय फाऊल होता, सांगा."

लेकराचा फाऊल नव्हताच. म्हणून मी म्हटले, "मंग जाऊन सांगा ना तिले, भासऱ्याकडं तोंड कर म्हणून."

"मी कोण? परका माणूस. ज्याच्या घरचा नियम, त्यानं सांगावं." आणि पुन्हा शिवायला लागले. माणूस असा होता. भांडायला गेले की भांडण आपल्याच अंगावर परत टाकायचा.

संध्याकाळी दिलीप जेवायला बसला. सरिता दाराआड होती. मी दोघांना ऐकू जाईल असे बोलले, "मैदानात भासरा नाही अन् भावजय नाही. घरात काय पाळायचं ते पाळा."

"माय, लोक काय म्हणतील?" दिलीप म्हणाला.

"लोक मॅच पाहाले येतात. तुझं तोंड पाहाले कोण येते?"

दाराआडून सरिताचा आवाज आला. "आई, मी मुद्दाम नाही केलं वो. हातच जाते डोक्याकडं. आपोआप जाते."

"मंग ओढणीच घरी ठेव," मी म्हटले. दुसरा उपाय मला सुचला नाही.

दुसऱ्या परीक्षेला तिने ओढणी माझ्याकडे दिली. ती मांडीवर घेऊन मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले. दिलीपला एवढे समजावले होते, तरी आमची पोरे एका गोलाने मागे पडली आणि तो आत घुसलाच. तोच आरडाओरडा, तेच आभाळ. सरिताने शिटी मारली, कार्ड हातात घेतले. तिचा हात डोक्यापर्यंत गेला. तिथे ओढणी नव्हती. हात तसाच कानाजवळ थांबला. 

मला राहवले नाही. मी उभी राहून ओरडले, "वर ने! आणखी वर!"

हात वर गेला. ताठ. तोंड दिलीपकडे. दिलीपने आधी कार्ड पाहिले आणि मग तिच्याकडे पाहिले. मला वाटते, लग्न होऊन आल्यापासून त्याने तिचा चेहरा तेव्हाच नीट पाहिला असेल. तो रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. मॅच आम्ही हरलो.

मॅच संपायच्या आधीच गार्डबाबू धुऱ्यावरून चालत माझ्यापाशी आले आणि मला पिवळे कार्ड दाखवले. "बाहेरून रेफरीले शिकवाले मनाई आहे."

"कार्ड राहू द्या. पास करता का नाही ते सांगा."

"करीन. पण तुमच्यामुळं नाही." आणि मग हसले. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी त्या दिवशीच पाहिले. मॅच संपल्यावर सरिताच्या गळ्यात शिटीची दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. त्या थंडीत पोरींच्या मॅचेस झाल्या. पहिल्या मॅचमध्ये माझी नात ऑफसाइड सापडली, आणि तिच्या आईनेच शिटी मारली. बरोबर होती शिटी. मी पाहिले.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गार्डबाबूंना दम लागू लागला. मुलाने नागपूरला नेले. तिथेच गेले. देह गावी आणला. तिरोड्याकडून, गोंदियाकडून त्यांनी पास केलेली माणसे आली, चिखलातून, गळ्यात शिट्या घालून. ऑटोवाला म्हणाला, "मॅच संपली का मारते तशी लंबी शिटी मारू सगळे मिळून." सगळ्यांना ते पटले. दोघा-तिघांनी शिट्या तोंडाशीही नेल्या. तेवढ्यात सरिता म्हणाली, "संध्याकाळ होऊन राहिली. म्हशीची वेळ आहे. गार्डबाबूंनी वाजवू दिली नसती." कोणी वाजवली नाही. मी रडले नाही. घरी येऊन दूध काढले.

धान कापून झाले, बांध्या पुन्हा कोरड्या झाल्या. एक दिवस सकाळी मी म्हशीखाली बसले होते. मागून माणसांचे आवाज येत होते. चुना महाग पडतो म्हणून राइस मिलच्या भट्टीची राख आणून आम्ही मैदानाच्या रेघा मारतो. ते काम आता दिलीपकडे आहे. सरिताचा आवाज आला, "दादा, रेघ तिरपी होऊन राहिली. पुसून पुन्हा मारा." दिलीप काहीतरी पुटपुटला. मग पोते ओढल्याचा आवाज आला. पुन्हा मारत होता.

मी बादली घेऊन बाहेर आले. सहा-सात नवीन माणसे रांगेत उभी होती. सरिता शिटी ओठांत धरून माझ्याकडे बघत होती. त्यातला एक नवा म्हणाला, "मॅडम, कायले थांबून राहिलो आपण?"

तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मी बादली खाली ठेवली आणि हात वर केला.