लाल रंगात गेलेली वाडी

माझं काम नक्की काय, हे मला आजवर आईला नीट सांगता आलेलं नाही. संशोधकांना प्रकल्पासाठी सरकारकडून किंवा एखाद्या संस्थेकडून अनुदान मिळतं, आणि देणारे अर्जातच विचारतात की याचा समाजाला उपयोग काय. तो रकाना भरायला मी मदत करते. "म्हणजे त्यांचा निबंध तू लिहितेस," आई म्हणते. पुण्यातल्या संस्थेची ही नोकरी मी निम्मा महिना महाडच्या घरी बसून करते, त्यामुळे शेजारपाजार मला बेकारच समजतो.

निबंध मी लिहीत नाही, पण खोडते भरपूर. बहुतेक संशोधक हा रकाना शेवटच्या दिवशी, जेवायला उठण्याआधी भरून टाकतात. 'सदर संशोधनामुळे समाजातील तळागाळाच्या घटकांना लाभ होईल.' असलं वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. समाज म्हणजे कोण, गाव कुठलं? तुमचा कागद तिथे कुणाच्या हातात जाणार? आणि तो माणूस त्याचं करणार काय? मोठमोठे प्राध्यापक या प्रश्नांपुढे चुळबुळ करायचे आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. नाकानं कांदे सोलायची सवयच लागली होती मला.

दरडींचा अभ्यास करणारे एक सर असेच माझ्याकडे आले. पोलादपूरच्या डोंगरात माती कुठे सरकणार हे आधी ओळखता येईल का, असा त्यांचा प्रकल्प. वयानं माझ्यापेक्षा लहान, कामाला वाघ, बोलायला मात्र भित्रे. त्यांनी लिहिलं होतं, 'डोंगराळ भागातील जनतेस फायदा'. मी ती ओळ खोडली आणि म्हटलं, चला, जनता बघून येऊ.

कशेडीचा घाट लागायच्या आधी आम्ही हमरस्ता सोडून आत वळलो. वर सपाटीला शेतकऱ्यांचं गाव, खाली उताराला बौद्धवाडी, वीसेक घरांची. वाडी उतारालाच का, हे मला कुणी समजावायला नको. माझे वडील नाते नावाच्या गावाजवळच्या अशाच एका वाडीतून शिकून महाडला आले. विहारात सभा बसली. सरांनी प्रश्न विचारले, वाडीनं एकच उत्तर दिलं: "समदं बरं हाय." बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात, जातात; त्यांना कोण काय सांगणार? शेवटी मीच उठले आणि वडिलांची वाडी सांगितली, आजोळ सांगितलं. मागच्या ओळीतली साठीची एक विधवा बाई म्हणाली, "आपल्यातलीच हाय गो ही," आणि उठून माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. तिला मी पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आले.

मावशीच्या घराच्या मागे सुक्या फांद्या टाकलेल्या होत्या. तिनं त्या बाजूला केल्या. खाली जमिनीला फट होती, मनगटापर्यंत हात जाईल एवढी. दोन पावसाळे तिनं ती कुणाला दाखवली नव्हती. मुंबईतल्या मुलालाही नाही. "त्याला सांगून काय होनार? म्हनंल, चल माज्याकडं. तिथं एका खोलीत पाच मानसं, मी कुटं पडू?"

मग तिनं दोन दिवस सरांना सगळा उतार फिरवला. कुठे नवा झरा फुटलाय, कुठली झाडं वाकलीत, कुणाच्या जोत्याला तडा आहे. सर म्हणाले, या बाईंनी माझं सहा महिन्यांचं काम वाचवलं. त्यातून नकाशा झाला. हिरवा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे इथे बांधकाम नको. बौद्धवाडीची जवळजवळ सगळी घरं लाल रंगात होती.

सरांच्या रकान्यात मी ओळ लिहिली: 'हा नकाशा ग्रामपंचायतीस देण्यात येईल व पंचायत घरबांधणीची परवानगी देताना तो वापरेल.' गाव ठरलं, कागद कुणाच्या हातात जाणार ते ठरलं, तो काय करणार तेही. अनुदान देणाऱ्या समितीनं त्या ओळीचं कौतुक केलं. दुसऱ्या संशोधकांना मी ती नमुना म्हणून दाखवायचे. पंचायतीनं नकाशाला प्लॅस्टिक चढवून तो कार्यालयात लावला. त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. मावशीनंही पेढा खाल्ला.

वर्षभरानं तिचा फोन आला. घरकुलाच्या यादीत कित्येक वर्षांनी तिचं नाव लागलं होतं आणि पंचायतीनं ते अडवलं होतं. मी तशीच निघाले. ग्रामसेवक सभ्य माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "मॅडम, जागा लाल रंगात आहे. तिथे घर मंजूर करून उद्या काही झालं तर? दुसरी जागा दाखवा, लगेच सही करतो. आणि नकाशा वापरायचा असं तुमच्याच कागदात लिहिलंय ना?"

आपलेच दात, आपलेच ओठ. माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्या फटीखाली पक्कं घर बांधणं म्हणजे बाईला तिथे कायमचं बसवणं. पण दुसरी जागा मावशीनं आणायची कुठून? तिच्या नावावर जोत्याखालची जमीन, बस्स. वर गावात सपाट जागा आहेत, त्यांच्या मालकांना मी जाऊन भेटले. "देऊ की, बघू पावसाळ्यानंतर," ते म्हणाले. कुठल्या पावसाळ्यानंतर ते काही बोलले नाहीत. पर्यायी जागेचा अर्ज मी स्वतः लिहून तहसीलमध्ये दिला. तो अजून तिथेच आहे.

मला माझाच राग आला. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी. ज्याच्या घरावर लाल रंग पडेल त्यानं जायचं कुठं, हा प्रश्न माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. प्रकल्पाच्या अहवालात मावशी 'लाभार्थी' म्हणून मोजली गेली. ते मोजणारीही मीच.

प्रकल्पाचा दुसरा टप्पा आला. मे महिन्यात सर पुन्हा फटी मोजायला निघाले, मी बरोबर गेले. वाडीत सगळे हसून बोलले, कुणी विहिरीचं गार पाणी दिलं, कुणी कैऱ्या दिल्या. आणि प्रत्येक घरात तेच उत्तर: "नाय सर, यंदा फट नाय. बुजली आपोआप." सर खूश. उतार स्थिरावतोय, असं ते मला हळूच म्हणाले.

मावशीच्या घरामागे गेलो. फांद्या नव्हत्या आणि फटही नव्हती. तिथे शेणानं सारवलेला एक लांबट पट्टा होता, अंगणासारखा गुळगुळीत. घराच्या मागे, जिथे कोंबड्यांशिवाय कुणी फिरत नाही, तिथे कोण सारवतं? सरांना सारवणातलं काय कळणार! त्यांनी वहीत 'फट नाही' लिहायला घेतलं. मावशी माझ्याकडे बघत होती. ती काय मागतेय ते मला स्पष्ट कळत होतं. लाल रंग पुसला गेला तर घरकुल मिळेल. नुसतं गप्प राहायचं होतं मला.

मी म्हणाले, "सर, थांबा. इथे माती भरून चोपलीये. उकरून बघा."

सरांनी उकरलं. हातभर खाली पोकळी लागली, मागच्या वेळेपेक्षा रुंद. मग वाडीतली सगळीच सारवणं उकरली गेली. बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. मावशी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी फट तुला दाखवली होती गो. सरला नाय." आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ बाहेर उभी होते. दार उघडलं नाही.

त्या वेळी मी बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. गप्प राहिले असते तर तिला घर मिळालं असतं, आणि एखाद्या पावसात ते तिच्या अंगावर आलं असतं. बोलले, तर तिला घर नाही आणि तीही मला नाही. पुन्हा कुणाला आजोळ सांगून बोलतं करायचं नाही, असा मी कानाला खडा लावलाय.

दुसऱ्या टप्प्याच्या योजनेत मी यंदा एवढंच लिहिलं: पावसाचा जोर वाढला की सरांनी वाडीत बसवलेलं पर्जन्यमापक माझ्या मोबाईलवर कळवेल आणि मी एकेका घराला फोन करून वरच्या शाळेत जायला सांगेन. कौतुक झालं नाही. बाकी घरं फोन उचलतात, "निघतो" म्हणतात. मावशी उचलत नाही. दोनदा वाजतो आणि ती कापते. ती शाळेत गेली का, ते मला तिच्या शेजारणीकडून कळतं.

जुलैतल्या एका सकाळी महाडात सावित्री नदीचं पाणी दासगावच्या बाजूनं चढत होतं आणि वर पोलादपुराकडे पाऊस थांबत नव्हता. वाडीतली बरीच घरं फोनला लागेनात. मावशीचा लागला. वाजत राहिला, पूर्ण वाजून बंद झाला. तिनं कापला नाही. पुन्हा केला, तसंच. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा आई माझ्याकडे बघून पोळपाट सारून उठली.

चौथ्यांदा दुसऱ्याच घंटीला फोन कापला गेला. मी तिथेच खाली बसले आणि आईसमोर ढसाढसा रडले.